मागच्या फाटकाची कडी

१

आजोबा सापडले ते कालव्याच्या उतारावर. पायात चप्पल नाही, एक पाय भलतीकडेच वळलेला. अंगात मात्र धुतलेला सदरा, बटणं गळ्यापर्यंत लावलेली आणि केसांचा भांग असा पाडलेला की कुणाकडे पाहुणे म्हणून निघालेत असंच वाटावं. ज्या गृहस्थांना ते दिसले त्यांनी नाव विचारलं, तर आजोबांनी उलट त्यांनाच विचारलं, "आपली ओळख?" खुब्याचं हाड मोडलं होतं. त्यांना इस्पितळात हलवलं आणि घरी एकच प्रश्न मागे राहिला. मागच्या फाटकाची कडी उघडी राहिलीच कशी?

ही कडी काही साधीसुधी नव्हती. गेल्या वर्षी आजोबांची आठवण पार विस्कटली, तेव्हा मुलाने ती मुद्दाम बसवून घेतली होती. आतूनच लागायची, आतूनच निघायची, आणि काढायला अशी आडमुठी की आजोबांच्या थरथरत्या हातांना ती दाद देणं शक्यच नव्हतं. म्हणजे त्यांनी ती काढली नव्हती. कोणीतरी उघडी ठेवली होती.

आपला काचवाला तेव्हा बाजारात चष्म्याच्या दुकानाची काच पुसत होता. धंदा त्याचा एकट्याचा. शिडी, बादली, वायपर आणि प्लास्टिकच्या पिशवीत घालून गळ्यात लटकवलेला फोन, एवढाच पसारा. मालकही तोच, नोकरही तोच आणि बोलणी खायलाही तोच. काचा पुसणं त्याला कधी जड गेलं नाही, जड जायचं ते गिऱ्हाइकांच्या वेळा सांभाळणं. बहुतेक दुकानदारांना शटर वर जायच्या आत काम हवं. घरच्यांना मुलं शाळेत गेल्यावर हवं. एका बाईंना त्यांचा कुत्रा झोपलेला असतानाच हवं, आणि तो कधी झोपेल हे कुत्र्यालाही ठाऊक नसे. त्यात आणखी ऊन. उन्हात काच पुसली की पाणी जागच्या जागी वाळतं आणि ओघळ उमटतात, म्हणून ऊन घराच्या पुढे असलं की हा मागे. ही सगळी मोट बांधायची फोनवर, आणि हात तर कायम ओले. त्यामुळे फोनवर तो शब्द असे काही तोडून बोलायचा की बायको म्हणायची, "तार करताय का? शब्दाला पैसे पडतात?"

तर गळ्यातला फोन वाजला. त्याच घरच्या वहिनी होत्या, आजोबांची सून. त्यांनी नमस्कार-चमत्कार काही केला नाही.

"असाल तसे घरी या," त्या म्हणाल्या. "बाबा इस्पितळात आहेत. आणि ते तुमच्यामुळे."

फेसाळलेली काच तशीच टाकून जाणं बरं दिसलं नसतं, म्हणून काचवाल्याने भराभर पाणी ओढलं, चष्मेवाल्याला ‘येतो’ म्हणाला आणि शिडी खांद्यावर टाकून निघाला. आपण असं काय केलं, हे काही केल्या त्याच्या ध्यानात येईना.

२

दिवाणखान्यात तिघी होत्या. वहिनी इस्पितळातून नुकत्याच आल्या होत्या, पर्स अजून खांद्यालाच होती. दाराशी मावशी उभ्या होत्या. आजोबांना न्हाऊमाखू घालण्यापासून झोपवण्यापर्यंत सगळं त्याच बघायच्या, आणि मागच्या खोलीतच राहायच्या. आरामखुर्चीत बसल्या होत्या आत्याबाई, आजोबांची धाकटी बहीण. या बाई निवृत्त मुख्याध्यापिका. शाई कोणी सांडली हे पोरांच्या हातांकडे न बघता त्यांच्या कानांकडे बघून ओळखायच्या, अशी त्यांची ख्याती होती.

वहिनींनी निकाल देऊन टाकला होता. मावशींनी उद्या सकाळी सामान बांधून निघायचं, आणि काचवाल्याने पुन्हा या घराची पायरी चढायची नाही. काचवाल्याचं एक घर गेलं असतं, एवढंच. मावशींना मात्र जायला दुसरं घरच नव्हतं, आणि हे त्या खोलीत सगळ्यांना माहीत होतं.

"निकाल लागला," आत्याबाई म्हणाल्या, "पण पेपर तपासला का कोणी? मला चार प्रश्न विचारू दे, सूनबाई. मग ज्याला घालवायचं त्याला घालव."

वहिनींनी सगळं सांगितलं. सकाळी त्या कामावर असताना काचवाल्याचा फोन आला. एरवी तो साहेबांशी, म्हणजे त्यांच्या नवऱ्याशी, बोलायचा, पण साहेब दौऱ्यावर. तो यायला निघाला होता, म्हणून त्यांनी हातातलं काम उरकल्यावर घरी फोन करून मावशींना बजावलं की काचवाला यायचाय, मागची कडी उघडी राहू दे, तो गेला की आठवणीने लाव. पुढे हा माणूस आला कधी, काचा पुसून गेला कधी, मावशींना पत्ता नाही. त्याच फाटकातून आजोबा निघून गेले, त्याचाही पत्ता नाही. एकाने जाताना सांगायचे कष्ट घेतले नाहीत आणि दुसरी घरात असून नसल्यासारखी. आणखी काय तपासायचं होतं?

"म्हणजे तुझ्या फोनच्या नंतर हे आले," आत्याबाई म्हणाल्या.

"अर्थात."

"नाही हो," काचवाला म्हणाला. "मी त्याच्या आधीच येऊन गेलो होतो. निघताना तर फोन केला मी वहिनींना."

"निघताना म्हणजे घरून?"

"नाही, इथून. काम उरकून."

वहिनींचा पारा चढला. हा माणूस धडधडीत खोटं बोलतोय, असं त्या आत्याबाईंनाच ऐकवू लागल्या. काचवाल्याला वाटलं, खोटं तर ही बाई बोलतेय, पण ते त्याने गिळलं. गिऱ्हाइकाला खोटारडं म्हणायची सोय नसते.

आत्याबाईंनी आधी सुनेच्या आणि मग काचवाल्याच्या कानांकडे पाहिलं. दोघांचेही कान कसे शांत होते. त्यांना त्याचाच घोर लागला. मग त्या मावशींकडे वळल्या, आणि मावशींचे कान मात्र लालभडक झाले होते.

३

"सूनबाईचा फोन आला तेव्हा तू कुठे होतीस?" आत्याबाईंनी विचारलं.

"घरातच."

"आणि दादा फाटकाबाहेर पडला तेव्हा?"

आत्याबाईंनी तोच प्रश्न गोडीने विचारला, मग जरा दरडावून विचारला. मावशींनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं. शेवटी म्हणाल्या की चूक माझीच आहे, मी जाते. त्यावर वहिनींनी आत्याबाईंकडे असं पाहिलं की झालं ना आता समाधान.

काचवाल्याने मान खाली घातली, कारण मावशी कुठे होत्या हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

काचा पुसणाऱ्याला लोकांच्या घरातलं नको ते दिसतं. नवरा-बायकोची भांडणं, लपवून खाल्लेली मिठाई, दुपारी कामाच्या वेळी घोरत पडलेले लोक. काचेतून दिसलं ते काचेपाशीच ठेवायचं, हा त्याचा शिरस्ता होता. आज सकाळी मावशींनी कडी काढून त्याला अंगणात घेतलं होतं. बाकीच्या काचा उरकून शेवटी त्याने आजोबांच्या खोलीच्या खिडकीला शिडी लावली, फेस माखला आणि वायपरचा पहिला पट्टा ओढला, तर आत आजोबा भिंतीला धरून उभे. विजार ओली झालेली. लहान मुलासारखे हुंदके देत होते. मावशी एका हाताने पलंगावरची भिजलेली चादर ओढून काढत होत्या आणि दुसऱ्या हाताने त्यांची पाठ थोपटत होत्या. तेवढ्यात आजोबांनी मान वळवली आणि दोघांची नजरानजर झाली.

काचवाला गोरामोरा झाला. उरलेली काच त्याने कशीबशी ओढली आणि शिडी उतरला. एरवी काम झालं की तो त्याच खिडकीवर टकटक करून मावशींना सांगायचा, त्या बाहेर येऊन त्याच्यामागे कडी लावायच्या. पण आज टकटक करायला हात उचलेना. त्याने साहेबांना फोन लावला, तो लागला नाही. मग वहिनींना लावला, जन्मात पहिल्यांदाच, आणि दोन शब्दांत उरकून तिथून काढता पाय घेतला.

मावशी का बोलत नाहीत, हेही त्याला माहीत होतं. मागच्या खेपेला उघड्या खिडकीतून त्याच्या कानावर पडलं होतं. गादी पुन्हा ओली झाली तर मला झेपणार नाही, बाबांना एखाद्या संस्थेत ठेवावं लागेल, असं वहिनी मावशींना सांगत होत्या. मग मावशी आज कुठे होत्या? चादरी धूत होत्या, गादी पुसत होत्या, चोरी लपवावी तशी आजोबांची फजिती लपवत होत्या. तोंड उघडलं तर आजोबा घराबाहेर, नाही उघडलं तर त्या स्वतः. त्यांनी स्वतःच जायचं ठरवलं होतं.

आणि हे सगळं माहीत असलेला काचवाला सतरंजीच्या रेघा बघत गप्प उभा होता. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. बोलावं तर त्या म्हाताऱ्याची अब्रू जाते, न बोलावं तर या बाईचं छप्पर.

आत्याबाई खुर्चीतून उठल्या. "चला, मागे चला," त्या म्हणाल्या. "सगळेच. तुम्हीसुद्धा."

४

मागचं अंगण लहानसंच होतं. एका बाजूला फाटक, दुसऱ्या बाजूला आजोबांच्या खोलीची खिडकी, आणि खिडकीच्या अगदी पुढून गेलेल्या दोरीवर दोन चादरी. दिवसभरात वाळून त्या कडक झाल्या होत्या. धांदलीत काढायला कोणाला सवड झाली नव्हती.

आत्याबाईंनी फाटक पाहिलं, कडी पाहिली, आणि मग चादरीचं टोक वर धरून मागे डोकावल्या. मागची काच लख्ख होती. एक ओघळ नाही, एक डाग नाही. काच स्वच्छ असली की ती कोणाच्या नजरेलाच येत नाही, या धंद्याचं हे एक दुखणंच आहे. आत्याबाईंच्या मात्र आली.

"ही तुम्ही आज पुसलीत?"

"हो."

"या चादरी इथे असताना?"

"छे, ते कसं होईल," काचवाला म्हणाला. शिडी उभी करायला तेवढीच जागा होती, आणि साबणाचं सगळं पाणी चादरींवर गेलं असतं. चादरी नव्हत्याच तेव्हा.

आत्याबाई मावशींकडे वळल्या आणि सूनबाईचा फोन आला त्या वेळी या चादरी कुठे होत्या ते विचारलं. एवढं सांगायला मावशींची हरकत नव्हती. त्या तेव्हा त्याच वाळत घालत होत्या. तोंडात चिमटे धरलेले, म्हणून फोनवर त्यांनी नुसतंच ‘हूं हूं’ केलं होतं.

"केलं का गं तिने हूं हूं?"

वहिनींनी आठवून पाहिलं. केलं होतं खरं. त्यांना तेव्हा त्याचा रागही आला होता.

"मग आता बघ," आत्याबाई म्हणाल्या. "काच पुसली ती चादरी घालायच्या आधी. तू फोन केलास तो चादरी घालताना. म्हणजे काचवाला यायचाय असं तू सांगत होतीस, तेव्हा तो येऊन, पुसून, निघूनही गेला होता. हे खरं बोलताहेत."

वहिनींचा चेहरा उतरला. "पण आत्याबाई, मी खोटं बोलत नाहीये हो. त्यांनीच मला तसं सांगितलं."

"तीच तर पंचाईत आहे. तूही खरंच बोलतेयस."

आत्याबाई चादरीचा काठ बोटांत धरून उभ्या होत्या. मग त्यांनी अगदी सहज विचारावं तसं विचारलं की आज मध्येच चादरी कशा काय धुवायला काढल्या. मावशी काहीतरी पुटपुटल्या. हा प्रश्न पुढे कुठे जाणार हे काचवाल्याला स्वच्छ दिसत होतं, आणि आपल्या देखत तो तिथे पोचू नये असं त्याला फार वाटलं. त्याने बादली उचलली.

"बरं, येतो मी आत्याबाई. पुढची गिऱ्हाइकं खोळंबलीत," असं म्हणून तो फाटकाकडे वळला.

"थांबा," आत्याबाई म्हणाल्या. "काय म्हणालात तुम्ही?"

५

"येतो म्हणालो."

"आणि निघालात कुठे?"

काचवाला गोंधळला. "घरी. म्हणजे कामावर. जातोय मी."

"जाताय, आणि म्हणताय येतो."

"आता तोंडाने ‘जातो’ कोण म्हणतं, आत्याबाई?"

"कोणीच म्हणत नाही. मीही म्हणत नाही." आत्याबाईंचा आवाज एकदम खाली आला होता. "सकाळी फोनवर सूनबाईला काय म्हणालात? जसंच्या तसं सांगा."

काचवाल्याने सांगितलं. "वहिनी, काचवाला बोलतोय. येतो. मागच्या कडीचं तेवढं बघा."

"हेच," वहिनी म्हणाल्या. "अगदी हेच म्हणाले." आणि मग त्यांचा हात तोंडाकडे गेला.

"समोर उभं राहून म्हटलं की त्याचा अर्थ जातो," आत्याबाई म्हणाल्या. "फोनवर म्हटलं की त्याचा अर्थ येतो. हे सांगत होते, मी निघालो, कडी लावून घ्या. तू ऐकलंस, मी येतोय, कडी उघडी ठेवा. माझा भाचा फोनवर असता तर त्याला कळलं असतं, त्याला यांची तोडून बोलायची सवय माहीत आहे. तू पहिल्यांदाच ऐकलंस. कोणीच खोटं बोललं नाही, आणि दादाचं हाड मोडलं."

एवढा वेळ काचवाला मनातून वहिनींना खोटारडी म्हणत होता. आणि कडी उघडी राहिली होती ती त्याच्या जिभेमुळे, पुरते चार शब्द बोलायचा कंटाळा केला म्हणून.

वहिनींना मात्र अजून एक गोष्ट पटत नव्हती. फोनचं ठीक आहे, त्या म्हणाल्या, पण दरवेळी हे मावशींना सांगून जातात, मग आजच फोन का? आणि बाबा बाहेर पडले तेव्हा मावशी होत्या कुठे? त्याचं उत्तर मिळालं नाही तर आपला निर्णय तोच. उद्या सकाळी.

मावशींनी काचवाल्याकडे पाहिलं आणि हळूच मान हलवली. नको. ती हललेली मान त्याला नीट दिसली. सांगू नको म्हणणाऱ्या बाईची गोष्ट सांगायची, त्या म्हाताऱ्याच्या माघारी त्याची अब्रू अंगणात मांडायची, याच्याइतकं लाजिरवाणं काम त्याने आयुष्यात केलं नव्हतं. पण सकाळी आपण गप्प राहून पळालो त्याचं काय झालं, हेही त्याच्या पुढ्यातच होतं.

"आजोबांची चादर ओली झाली होती," तो म्हणाला. "मी खिडकीतून पाहिलं. ते रडत होते. मला टकटक करायला लाज वाटली, म्हणून फोन केला. मावशी तेच धूत होत्या, वहिनी. तुम्हाला कळू नये म्हणून. कळलं तर तुम्ही त्यांना संस्थेत पाठवाल म्हणून."

वहिनींच्या खांद्यावरची पर्स घसरून कोपरापर्यंत आली, ती त्यांनी तशीच राहू दिली. आत्याबाईंनी त्यांच्या कानांकडे पाहिलं नाही, दुसरीकडे बघायची सभ्यता दाखवली.

"मी त्या दिवशी दमून बोलले होते," वहिनी म्हणाल्या. "मावशी, तुम्ही कुठे जायचं नाही. आणि बाबाही कुठे जाणार नाहीत."

मावशी ‘बरं’ म्हणाल्या आणि दोरीवरच्या चादरी काढू लागल्या. वहिनींनी दुसरी टोकं धरली. दोघींनी एकमेकींकडे न बघता घड्या घातल्या, आणि घड्या घेऊन वहिनी आत गेल्या. आत्याबाईही इस्पितळात फोन लावायला गेल्या.

काचवाला अंगणातच राहिला. त्याला कोणी दोष दिला नव्हता, आणि दोष दिला असता तर बरं झालं असतं असं त्याला वाटत होतं. मावशी चिमटे गोळा करत होत्या. तो जवळ गेला आणि ओशाळून माफी मागू लागला, तर त्यांनी त्याला मध्येच थांबवलं.

"त्यांनी तुम्हाला पाहिलं होतं," मावशी म्हणाल्या. "मला म्हणाले, तो माणूस मला बघून पळाला. मी म्हटलं, विसरा. सगळं विसरतात, म्हटलं हेही विसरतील. पण आंघोळ झाल्यावर चांगला सदरा मागून घेतला. बटणं स्वतः लावली. त्या गृहस्थांना भेटायला हवं म्हणाले, मी असा नसतो हे त्यांना सांगायला हवं. मी हो हो म्हटलं. वहिनींच्या फोनवरून वाटलं तुम्ही राहिलेलं काम करायला परत येताय, म्हणून कडी तशीच ठेवली आणि गादी पुसायला आत गेले."

आजोबा भरकटून गेले नव्हते. ते काचवाल्याच्याच मागे निघाले होते. त्याला तोंड लपवायला जागा सापडेना, आणि मावशी तर त्याच्याकडे सरळ बघत होत्या.

"ते घरी आले की उचलायला दुसरा माणूस लागेल," त्या म्हणाल्या. "सकाळी, अंग धुवायच्या वेळी. मला एकटीला नाही जमायचं. बाहेरून बघायचं काम नाही, आत यावं लागेल."

सकाळ म्हणजे दुकानांची वेळ. शटर वर जायच्या आतली सगळी पक्की गिऱ्हाइकं, वर्षानुवर्षं जपलेली. काचवाल्याने मान वर केली.

"किती वाजता?" त्याने विचारलं.

"ते उठतील तेव्हा," मावशी म्हणाल्या. "त्याची काही वेळ नसते. मी फोन करेन."

काचवाला ‘हो’ म्हणाला.